औषधांचा खर्च आणि प्राप्तिकर

काचीगुड्यातील माझे एक वयोवृद्ध रुग्ण निवृत्त शिक्षक. आरोग्यविमा नाही, औषधांचा खर्च मुलगा करी, तोही रोखीने. वर्षअखेरीस त्याला प्राप्तिकरात वजावट मिळाली नाही. हे आधी सांगायला हवे होते, याची मला रुखरुख लागली.

नियम सोपा आहे. साठी गाठलेल्या, विमा नसलेल्या आईवडिलांच्या उपचारांचा खर्च २०१८-१९ पासून वर्षाला ५०,००० रुपयांपर्यंत करपात्र उत्पन्नातून वजा होतो. मात्र तो धनादेश, कार्ड वा यूपीआयने केलेला असावा. प्रतिबंधक तपासणीचे ५,००० रुपये त्याच मर्यादेत, रोखीनेही चालतात. नव्या करप्रणालीत ही सवलत नाही.

डॉक्टरबंधूंनो, औषधचिठ्ठी देताना एवढे अवश्य सांगावे. आणि वाचकांनी पावत्या जपाव्यात.