खोकल्यालाच कामाला लावणारी पट्टी

‘अंग बाहेर येतंय’ हे बाई डॉक्टरांना सांगते, तेव्हा ते दुखणं बहुधा कित्येक महिने पदराआड लपवून झालेलं असतं. बाळंतपणात ताणले गेलेले बंध आणि ओटीपोटाच्या तळाचे स्नायू सैल पडले, की गर्भाशय खाली सरकू लागतं. मग खोकला, शिंक, भरलेला हंडा, शौचाला कुंथणं, कशानेही पोटात दाब वाढला की ते आणखी खाली येतं.

उतारवयात पिशवीच काढून टाकणं हा रुळलेला मार्ग. पण जिला अजून मूल हवंय तिचं काय? मँचेस्टरच्या आर्चिबाल्ड डोनाल्ड यांनी १८८८ साली सुरू केलेल्या शस्त्रक्रियेत पिशवी राहते, पण लांबलेलं गर्भाशयमुख कापावं लागतं. त्यामुळे पुढे दिवस राहणं किंवा टिकणं अवघड होऊ शकतं.

या पेचावर मुंबईच्या डॉक्टरांनी दोन सुंदर उत्तरं काढली. एक डॉ. वि. ना. शिरोडकर यांचं. गोव्यातल्या शिरोड्यात १८९९ साली जन्मलेल्या या डॉक्टरांना जग ओळखतं ते गर्भ टिकवणाऱ्या टाक्यामुळे. गर्भाशयाला मागून धरणारे नैसर्गिक बंध ज्या दिशेने जातात, त्याच दिशेने त्यांनी गर्भाशयमुखापासून कण्याच्या तळाच्या हाडापर्यंत पट्टी नेली. निसर्गाच्या रचनेला सर्वांत जवळचा उपाय हाच, पण वाट बिकट. डाव्या अंगाला मोठं आतडं आणि मूत्रवाहिनी, हाडावर रक्तवाहिन्यांचं जाळं.

दुसरं उत्तर पुरंदरे यांचं, आणि मला विचाराल तर जास्त मिश्कील. पोटाच्या पुढच्या स्नायूंवर एक पांढरं, चिवट आवरण असतं. त्यातूनच दोन पट्ट्या सोडवायच्या, त्यांची बाहेरची टोकं जागच्या जागी जोडलेली ठेवायची आणि आतली टोकं खाली नेऊन गर्भाशयमुखाच्या पुढच्या बाजूला शिवायची. आता बाई खोकली, तर पोटाचे स्नायू आवळतात, त्यांच्याबरोबर पट्ट्या ताणल्या जातात आणि गर्भाशय वर ओढलं जातं. ज्या खोकल्याने ते खाली ढकललं जायचं, तोच खोकला आता त्याला उचलून धरतो!

उणीव याही शस्त्रक्रियेत आहे. गर्भाशय पुढे ओढलं गेल्यामुळे मागची पोकळी उघडी पडते आणि तिथून आतडं उतरू शकतं, म्हणून ती जागा टाके घालून बुजवतात. पुढे स्वतःच्या आवरणाऐवजी कृत्रिम धाग्याची फीतही वापरात आली. मात्र योनीमार्गे बसवायच्या कृत्रिम जाळ्यांची विक्री अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१९ साली थांबवायला लावली. परका पदार्थ कुठे आणि कसा बसवायचा, याला फार महत्त्व आहे.

प्रत्येकीला शस्त्रक्रियाच लागते असंही नाही. सुरुवातीला व्यायाम किंवा आत बसवायची रिंग पुरेशी ठरू शकते. तेव्हा घरात कुणी हे दुखणं अंगावर काढत असेल, तर तिला स्त्रीरोगतज्ज्ञाकडे न्या आणि ‘पिशवी न काढता काही करता येईल का?’ हे नक्की विचारा.