सिंगापूरची सहल : उसाच्या बिलात बसेल काय?

आपल्या कार्यक्षेत्रातले सभासद बंधू-भगिनी आता काशी-रामेश्वर करून थांबत नाहीत. कुणाचा मुलगा, कुणाचा पुतण्या परदेशी नोकरीस आहे, त्यात सहल कंपन्यांच्या जाहिराती. त्यामुळे परदेशाची चौकशी गट ऑफिसातही होऊ लागली आहे. सिंगापूरचे नाव त्यात पहिले निघते. मुंबईहून विमानाने साडेपाच तासांच्या आसपास, पण शहर आशियातल्या महागड्यांपैकी एक. हप्ता जमा झाला की कंपनीला एकरकमी पैसे देऊन मोकळे होणारे सभासद मी पाहिले आहेत, आणि पुढे लागणीच्या खतासाठी सोसायटीच्या दारात उभे राहिलेलेही तेच. मी व सौ. पाच दिवस स्वखर्चाने जाऊन आलो. त्यावरून काही सांगतो.

पहिली गोष्ट ध्यानात घ्यावी ती ही, की त्या गावात दोन भाव चालतात. एक पाहुण्याचा, दुसरा तिथे राबणाऱ्या माणसाचा. दुसऱ्या भावाने राहायचे ठरवले तर खर्च हाताबाहेर जात नाही. डॉलर तिथला, सध्या सत्तर रुपयांच्या आसपास धरावा.

राहण्याला मात्र इलाज नाही, खोली महागच. लिटल इंडिया भागात एका खोलीत सहा-आठ कॉट असलेल्या जागा मिळतात, भाडे कॉटपुरते. जोडप्याला स्वतंत्र खोली हवी तर बिनखिडकीची स्वस्त पडते. रात्री पाठ टेकायलाच खोलीवर जायचे, तेव्हा खिडकी हवी कशाला?

जेवणासाठी हॉकर सेंटर गाठावे. पूर्वी रस्त्यावर गाडे लावणाऱ्यांना तिथल्या सरकारने परवाने देऊन, प्रामुख्याने १९७० च्या दशकात, पक्क्या छपराखाली आणले. अशी शंभरावर केंद्रे आहेत. २०२० साली युनेस्कोने या परंपरेला मान दिला. कचेरीतला साहेब आणि हमाल एकाच बाकावर जेवतात. चार ते सहा डॉलरात पोट भरते. माळकरी मंडळींनी लिटल इंडियातल्या टेक्का सेंटरकडे वळावे, किंवा सेरंगून रोडवर १९४७ पासून चालत आलेल्या कोमला विलासमध्ये डोसा घ्यावा. जेवण झाले की ताट स्वतः उचलून ठेवावे. २०२१ पासून तसा नियमच आहे, न पाळल्यास दंडापर्यंत जाते. पाण्याची बाटली विकत घेऊ नये, नळाचे पाणी खुशाल प्यावे.

याच केंद्रांत उसाच्या रसाचे स्टॉल आहेत. दोन डॉलरच्या आसपास ग्लास, म्हणजे १४० रुपये! २०२५-२६ हंगामाची एफआरपी १०.२५ टक्के उताऱ्याला टनास ३५५० रुपये. म्हणजे आपला एक टन ऊस आणि तिथले पंचवीस ग्लास रस, एकच भाव. सौ. म्हणाल्या, ‘‘तुमचा ऊस इथंच आणून गाळा की.’’ उसाने तिथे एकदा नशीब आजमावले आहे. अमेरिकेचा कॉन्सल जोसेफ बॅलेस्टियर याने १८३० च्या दशकात ऊसमळा लावला, पण तो तोट्यात गेला. बॅलेस्टियर रोड हे नाव तेवढे उरले.

फिरायला आगगाडी व बस. बहुतेक फेऱ्या एक ते अडीच डॉलरात होतात, बँकेचे कार्ड दाराशी टेकवले की झाले. टॅक्सीच्या नादी लागू नये. १८५९ ची बोटॅनिक गार्डन्स फुकट, मर्लायन फुकट, गार्डन्स बाय द बे मधल्या उंच लोखंडी झाडांची रात्रीची रोषणाईही फुकट.

पण ऊसवाल्याने चुकवू नये अशी जागा मरिना बॅरेज. समुद्राच्या तोंडाशी २००८ साली बांधलेला हा बंधारा, आत गोडे पाणी. छतावर हिरवळ, तिकीट नाही. या देशाला नदी नावापुरती. म्हणून जमिनीच्या दोन तृतीयांश भागावर पडणारा पाऊस गटारे-कालव्यांतून सतरा जलाशयांत नेतात. सांडपाणी शुद्ध करून २००३ पासून पुन्हा वापरतात. शेजारच्या जोहोरकडून पाणी घेण्याचा १९६२ चा करार २०६१ ला संपतो, त्याची तयारी आत्तापासून चालू आहे. पाटाने मोकाट पाणी सोडणाऱ्याने तिथे घटकाभर उभे राहावे, इतकेच म्हणतो.

व्हिसा अधिकृत एजंटामार्फतच काढावा. सरकारी फी ३० डॉलर, एजंटाचा आकार वेगळा, तो आधी विचारून घ्यावा. आगमनाचे कार्ड मात्र उतरण्याच्या दिवसासह आधीच्या तीन दिवसांत ऑनलाइन भरायचे असते आणि ते सरकारी संकेतस्थळावर विनामूल्य आहे. त्यासाठी कुणी पैसे मागितले तर एक पैसाही देऊ नये.

नोव्हेंबर ते जानेवारी तिथे पाऊस जास्त. ऊस तुटून गेल्यावर, फेब्रुवारी-मार्चात जाणे सोयीचे. सामानात तंबाखूची पुडी नको, चघळायच्या तंबाखूला तिथे बंदी आहे. च्युइंग गमही नको. आणि घरच्यांनी प्रेमाने बांधून दिलेले अनारसे घरीच ठेवा; त्यावरची खसखससुद्धा तिथे निषिद्ध मालात मोडते.