किती धांवावें? : घड्याळ आणि फेऱ्या

नभोवाणीवर बोलावयास बसणाऱ्याला पानें मोजून मिळत नाहींत, मिनिटें मोजून मिळतात. सावकाश बोलणाऱ्याचे शब्द थोडे होतात, भरभर बोलणाऱ्याचे पुष्कळ होतात. पण दोघांचीहि सुटका एकाच क्षणीं होते. उलट, सावकाश बोलणाऱ्याच्या हातीं दहा पानें देऊन "एवढीं संपवाच" असें कोणीं बजावलें, तर तो बिचारा धापा टाकीत वाचील आणि ऐकणाराला एक अक्षरहि धड कळणार नाहीं. धांवावयास नव्यानें लागलेल्या मंद माणसाची अशीच स्थिति आपण करून ठेवतों. आज मला त्याच्याविषयींच बोलावयाचें आहे. शर्यती जिंकणाऱ्यांविषयीं बोलणारे पुष्कळ आहेत. शाळा सुटल्यापासून लोकल गाडी पकडण्यापलीकडे जे कधीं धांवले नाहींत आणि पन्नाशीच्या उंबरठ्यावर ज्यांना धांवण्याची बुद्धि झाली आहे, त्यांची बाजू मात्र कोणी मांडीत नाहीं.

मी त्यांच्यापैकींच एक आहें. बावन्नाव्या वर्षीं रक्तदाब तपासून झाल्यावर डॉक्टरांनीं औषधांच्या यादीखालीं "व्यायाम" हा एकच शब्द लिहून दिला. आमच्या घराजवळ एका महाविद्यालयाचें मैदान आहे आणि त्यावर ४०० मीटरांचा गोल आंखलेला आहे. शेजारचा तरुण मुलगा म्हणाला, "काका, साडेबारा फेऱ्या मारा, म्हणजे बरोबर पांच किलोमीटर होतात. मी तेवढें रोज करतों." सल्ला सोपा होता. मीं खिशांत बारा चिंचोके घेतले आणि दर फेरीला एक चिंचोका कट्ट्यावर ठेवण्याचा क्रम सुरू केला. पहिले तीन चिंचोके मोठ्या उत्साहांत जात. सहाव्यापासून तोंड कोरडें पडे, आणि शेवटचे चार तर केवळ संपवावयाचे म्हणून संपवीत असें. तिसऱ्या आठवड्यांत उजव्या नडगीच्या आंतल्या बाजूला दुखूं लागलें; जिना उतरतांना कठडा धरावा लागे. दीड महिना मैदान बंद झालें. रक्तदाब होता तेथेंच राहिला. "धांवणें आपल्या नशिबीं नाहीं," असें मीं घरांत जाहीर करून टाकलें.

त्या मैदानावर एक निवृत्त व्यायामशिक्षक रोज फिरावयास येत. पाय बरा झाल्यावर एकदां त्यांनीं मला अडविलें.

"किती धांवत होतां?"

"पांच किलोमीटर."

"अंतर नव्हे हो. किती वेळ?"

मला सांगतां येईना. घड्याळाकडे मीं कधीं पाहिलेंच नव्हतें. त्यांनीं मला एक फेरी माझ्या नेहमींच्या चालीनें मारावयास लावली आणि घड्याळ पुढें केलें : ३ मिनिटें २४ सेकंद. शेजारचा मुलगा तीच फेरी २ मिनिटांत पुरी करीत असे. मग गुरुजींनीं तेथल्या तेथें हिशेब सांगितला. साडेबारा फेऱ्यांना त्या मुलाला २५ मिनिटें लागतात, मला साडेबेचाळीस. "म्हणजे त्या पोरापेक्षां साडेसतरा मिनिटें अधिक धांवणें, तेंहि पहिल्याच आठवड्यापासून, आणि तेंहि या वयाला! एवढा व्यायाम तुम्हांला कोणीं सांगितला?" तो कोणींच सांगितलेला नव्हता. दोघांनाहि "पांच किलोमीटर" एवढेंच सांगण्यांत आलें होतें, आणि त्या दोन शब्दांत माझ्या वांट्याला जवळजवळ पावणेदोन पट काम आलें होतें.

ही गोष्ट जरा खोलांत जाऊन पाहण्यासारखी आहे. धांवतांना माणसाचीं पावलें मिनिटाला साधारणपणें १५० ते १७० पडतात. वेग कमी झाला तरी हा आंकडा फारसा उतरत नाहीं; आंखूड होतें तें पाऊल. तेव्हां शेजारच्या मुलाचीं पंचवीस मिनिटांत चार हजारांच्या थोडीं वर पावलें होतात, आणि तेवढ्याच अंतराला माझीं साडेसहा हजार होतात. प्रत्येक पावलाला जमिनीचा जो प्रतिटोला बसतो तो शरीराच्या वजनाच्या दुपटीच्या आसपास किंवा त्याहूनहि अधिक असतो. हळू धांवणाराचें पाऊल कांहींसें हलकें पडतें हें मला मान्य आहे, पण अडीच हजार जादा टोल्यांची भरपाई त्यानें होत नाहीं. शिवाय शरीराचे सगळे भाग एका गतीनें तयार होत नाहींत. हृदय आणि फुप्फुसें कांहीं आठवड्यांतच नव्या श्रमाला सरावतात. पण स्नायूंना हाडांशीं बांधणारे जे चिवट दोर असतात त्यांना रक्ताचा पुरवठा बेताचाच असल्यामुळें ते बळकट व्हावयास महिने लागतात. हाडाची तर तऱ्हाच न्यारी. त्यावर नवा भार पडूं लागला कीं तें आधीं आपला जुना अंश झिजवून टाकतें आणि मग तेथें नवा भरतें. या दुरुस्तीला तीन-चार महिने लागतात, आणि मधल्या काळांत ती जागा पूर्वीपेक्षां किंचित् दुबळी असते. म्हणजे दम टिकूं लागल्यामुळें "आतां जमलें" असें ज्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यांत वाटतें, त्याच सुमारास नडगीचें हाड सर्वांत नाजुक स्थितींत असण्याचा संभव असतो. माझी नडगी तिसऱ्याच आठवड्यांत कां दुखली, याचा उलगडा मला तेव्हां झाला.

नवशिक्यांसाठीं छापील कार्यक्रम असतात, त्यांतहि हा घोटाळा लपलेला असतो. १९९६ सालीं जॉश क्लार्क या अमेरिकन गृहस्थानें बैठकीवरून उठून पांच किलोमीटरांपर्यंत नेणारा नऊ आठवड्यांचा एक कार्यक्रम आंखला, आणि तो पुढें जगभर पसरला. कार्यक्रम उत्तम आहे. आठवड्यांतून तीनच दिवस. आरंभीं पांच मिनिटें झपझप चालणें, मग साठ सेकंद धांवणें आणि नव्वद सेकंद चालणें, असें आलटून पालटून वीस मिनिटें. पुढें धांवणें वाढत जातें आणि चालणें आटत जातें. त्यांत मिनिटें किंवा अंतर यांपैकीं कोणतेंहि माप धरावें, अशी मोकळीक ठेवलेली आहे. पांचव्या आठवड्याच्या अखेरीस न थांबतां वीस मिनिटें किंवा दोन मैल. नवव्या आठवड्यांत तीस मिनिटें किंवा तीन मैल. दहा मिनिटांत मैल धांवणाराला हीं दोन्ही मापें एकच आहेत. पण माझ्यासारख्याला दोन मैलांना २७ मिनिटें लागतात आणि तीन मैलांना ४१. मिनिटांचें माप धरणारा मंद माणूस नवव्या आठवड्यांत ठरल्याप्रमाणें पार पडतो. अंतराचें माप धरणारा पांचव्यांतच अडखळतो आणि दोष स्वतःला देतो. कित्येक जण तीस मिनिटें अखंड धांवून येतात आणि "पण साडेतीनच किलोमीटर झाले" म्हणून खिन्न होऊन बसतात. वर्षभरापूर्वीं ज्याला तीस सेकंदहि धांवतां येत नव्हतें, त्यानें अशा दिवशीं खिन्न व्हावें, याला काय म्हणावें?

अंतराचा याहूनहि मोठा दोष मनाशीं संबंधित आहे. अंतर ठरलेलें असलें कीं तें लवकर उरकण्याचा मोह होतो. फेऱ्या शिल्लक आहेत, ऊन चढत आहे, कचेरी खुणावते आहे. मग पाय आपोआप उचलले जातात आणि नवशिका आपल्याला न झेपणाऱ्या वेगांत शिरतो. घड्याळाशीं ही लबाडी चालत नाहीं. कितीहि जीव तोडून धांवलें तरी वीस मिनिटें अठरा मिनिटांत संपत नाहींत. घाईचा लाभच नाहींसा झाला कीं माणूस आपसुक दुडक्या चालीवर येतो, आणि नवशिक्याला तीच चाल हवी असते. ती ओळखण्याची खूण म्हणजे शेजाऱ्याशीं पुरें वाक्य बोलतां आलें पाहिजे. ही खूण साऱ्या जगांत पसरण्यामागें एक गमतीची हकीकत आहे. अमेरिकेंतील ऑरेगॉन विद्यापीठाचे विख्यात शिक्षक बिल बॉवरमन १९६२ सालच्या अखेरीस न्यूझीलंडला गेले होते. तेथें आर्थर लिडियार्ड यांच्या प्रेरणेनें ऑकलंडमधील मध्यम वयाचे आणि हृदयविकारांतून उठलेले लोकहि हळूहळू धांवूं लागले होते. बॉवरमन त्यांच्याबरोबर निघाले खरे, पण स्वतः शिक्षक असूनहि थोड्याच वेळांत त्यांची दमछाक झाली. आणि सत्तरी ओलांडलेला, हृदयविकाराचे झटके सोसलेला एक म्हातारा त्यांच्या सोबतीसाठीं मागें राहून गप्पा मारीत धांवत होता! परत गेल्यावर त्यांनीं आपल्या गांवच्या लोकांना हीच चाल शिकविली आणि १९६७ सालीं तिच्यावर पुस्तकहि लिहिलें.

घड्याळाचा एक घरगुती गुणहि सांगितला पाहिजे. माझे धडे सुरू झाल्यावर चार महिन्यांनीं आमच्या सौभाग्यवतींनीं पायांत बूट चढविले. तिची फेरी चार मिनिटांची. पूर्वींच्या पद्धतीनें आम्ही बरोबर निघालों असतों, तर माझे फेरे संपल्यावर मी कट्ट्यावर बसून राहिलों असतों आणि ती "सगळे बघताहेत" म्हणून आठवडाभरांत घरीं बसली असती. आतां आम्ही सहाला निघतों आणि साडेसहाला थांबतों. तिच्या साडेसात फेऱ्या होतात, माझ्या पावणेनऊच्या आसपास. मधून मी तिला मागें टाकून जातों, पण शेवटीं कोणी पुढें नाहीं आणि कोणी मागें नाहीं. दोघांनाहि सारखाच घाम आलेला असतो. पावणेसातला दूध तापवावयाचें असतें, तेंहि चुकत नाहीं.

अशा धांवेला मोठ्या मैदानावरहि मान आहे. एका तासांत कोण किती दूर जातो, याचा उच्चांक फार दिवसांपासून नोंदला जातो. फिनलंडच्या पावो नुर्मीनें १९२८ सालीं बर्लिन येथें तासाभरांत १९,२१० मीटर अंतर तोडलें. १९५१ सालीं झेकोस्लोव्हाकियाच्या एमिल झाटोपेकनें २०,०५२ मीटर काटून वीस किलोमीटरांची सीमा प्रथम ओलांडली. आणि २०२० सालीं ब्रुसेल्स येथें मो फाराह २१,३३० मीटरांपर्यंत गेला. तास भरला कीं जो तो जेथें असेल तेथें त्याची खूण करतात. पहिला आणि शेवटचा एकाच क्षणीं थांबतो.

एवढें झाल्यावर अंतराच्या वतीनेंहि दोन शब्द बोलणें न्यायाचें होईल. धांवतांना खर्च होणारी शक्ति मुख्यतः वजनावर आणि अंतरावर अवलंबून असते, वेगावर फारशी नव्हे. दर किलोग्रॅम वजनामागें दर किलोमीटरला सुमारें एक कॅलरी असा ढोबळ हिशेब आहे. पासष्ट किलो वजनाचा मंद माणूस अर्ध्या तासांत साडेतीन किलोमीटर जाऊन सव्वादोनशें कॅलरी खर्चतो. तेवढ्याच वजनाचा तरुण सहा किलोमीटर जाऊन पावणेचारशेंच्या वर. तेव्हां केवळ वजन उतरविण्यासाठीं धांवणारानें "दोघांचाहि अर्धा तासच झाला" म्हणून जेवतांना त्या तरुणाशीं बरोबरी करूं नये. दुसरें असें कीं शर्यती बहुतेक अंतराच्याच असतात. १९२० सालीं अँटवर्पच्या ऑलिंपिकमध्यें बेळगांवचे फडेप्पा चौगुले मॅरेथॉन धांवले आणि एकोणिसावे आले. त्या वर्षीं ती वाट ४२.७५ किलोमीटरांची होती आणि ती सगळीच्या सगळी पुरी करावी लागली. ज्याला शर्यतींत उतरावयाचें आहे त्याला शेवटच्या कांहीं आठवड्यांत अंतराशीं ओळख करून घेतलीच पाहिजे. पण ती पुढची पायरी आहे.

प्रत्यक्ष आचरणाला फार थोडें लागतें. मैदान नसेल तर रस्त्यानें दहा मिनिटें पुढें जावें आणि तेथून परत फिरावें. परतीला दहापेक्षां अधिक मिनिटें लागलीं तर आरंभीं उतावीळपणा झाला, असें समजावें. दोन आठवडे तोच वेळ ठेवून मग त्यांत तीन-चार मिनिटांची भर घालावी. चढावर, पावसांत किंवा मुंबईच्या मे महिन्यांतल्या घामट हवेंत त्याच वीस मिनिटांत अंतर कमी पडतें. पडूं द्यावें, श्रम तेवढेच झालेले असतात. हल्लींचीं मनगटावरचीं घड्याळें उपग्रहांना विचारून अंतर सांगत असतात. तो आंकडा महिना-दीड महिन्यांतून एकदांच पाहावा. छातींत दाब वाटला किंवा भोंवळ आली, तर किती मिनिटें उरलीं हें न पाहतां तेथेंच थांबावें आणि डॉक्टरांकडे जावें.

माझा अर्धा तास साडेतीन किलोमीटरांवरून आठ महिन्यांत चार किलोमीटरांवर आला. पांच किलोमीटर केव्हां झाले तें लक्षांतहि आलें नाहीं. वेळ चाळीस मिनिटांपर्यंत वाढविल्यावर एक दिवस तो आंकडा घड्याळांत दिसला, एवढेंच. गेल्या हिवाळ्यांत आम्ही दोघांनीं एका सार्वजनिक धांवेंत नांवें घातलीं. अंतर दहा किलोमीटरांचें. पत्रक घरीं आलें तेव्हां सौभाग्यवतींनीं प्रथम पाहिलें तें रस्ता किती वेळ मोकळा ठेवणार हें. दोन तास. आपल्या चालीनें शंभर मिनिटें लागतील, वीस हातीं उरतील, त्यांत मधून मधून चालतां येईल, असा हिशेब तिनें दुधाच्या वहीच्या मागच्या पानावर मांडला. ती एक तास त्रेचाळीस मिनिटांनीं परत आली. आणि धांव अंतराची असल्यामुळें मी आधीं पोहोंचून पंचवीस मिनिटें तिच्या चपला हातांत धरून उन्हांत उभा होतों.