हजार यार्डांची बंदूक

मोताळा तालुक्यातल्या एका तरुणाचं पत्र संपादकांनी माझ्याकडे दिलं. मुलगा सैन्यभरतीची तयारी करतो. घरी पीकसंरक्षणाच्या परवान्यावरची बारा बोर आहे. रोही आणि रानडुकरं हाकलायला ती पुरते. त्याला मात्र लांब पल्ल्याची नेमबाजी करायची आहे, पाचशे-हजार मीटरवरची. प्रश्न सरळ आहे: मोठ्या बोरची कोणती रायफल घ्यावी?

महाराष्ट्राला रायफल नवी नाही. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंतने २०१० साली म्युनिकमध्ये ५० मीटर प्रोनचं जागतिक विजेतेपद मिळवलं. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ५० मीटर थ्री पोझिशन्सचं कांस्यपदक जिंकलं. पण या दोघांच्या हातात होती ती .२२, म्हणजे छोटा बोर. तिची गोळी जेमतेम अडीच ग्रॅमची आणि आवाजापेक्षा किंचित हळू जाणारी. मोठ्या बोरची ३०० मीटरची स्पर्धा १९७२नंतर ऑलिम्पिकमधून गेली. पुढे ती जागतिक स्पर्धांत टिकली, पण टीव्हीवरून आणि आपल्या बोलण्यातून नाहीशी झाली.

हजार यार्डांचा म्हणजे ९१४ मीटरचा खेळ त्याहून वेगळा. २०१०च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत तो गुडगावजवळ कादरपूरच्या सीआरपीएफ रेंजवर झाला. क्वीन्स प्राइझ नावाच्या त्या स्पर्धेचं वैयक्तिक सुवर्ण इंग्लंडच्या पराग पटेलने नेलं. ७.६२ मिमीची रायफल, पोटावर झोपून, दंडाला पट्टा बांधून, दुर्बिणीशिवाय, नुसत्या छिद्राच्या साइटमधून. हे ज्यांनी पाहिलं नाही त्यांना खोटं वाटेल.

रायफल निवडायला बसलेला माणूस आधी बंदूक बघतो. खरं तर आधी काडतूस बघायला हवं, आणि काडतुसातही गोळी. मला या यंत्रात सगळ्यात गुंतवून ठेवलं ते गोळी आणि नळीतल्या आट्यांच्या नात्याने. नळीच्या आत सर्पिल खाचा असतात. गोळी त्यांच्यातून दाबून जाते, स्वतःभोवती फिरू लागते आणि भोवऱ्यासारखी सरळ उभी राहते. .३०८ या ७.६२च्या जुळ्या बोरची १५५ ग्रेनची, म्हणजे सुमारे दहा ग्रॅमची गोळी बारा-तेरा इंचांत एक वळसा घेणाऱ्या नळीतून चांगली जाते. तीच नळी फार लांब, जड गोळीला सावरू शकत नाही. तिला दहा-अकरा इंचांत वळसा लागतो. दुकानात बोर विचारणारे पुष्कळ असतात. वळसा विचारणारा माणूस सापडला तर तो नेमबाज समजावा.

पुढची अडचण आवाजाच्या वेगाची. दहा ग्रॅमची ती गोळी लांब नळीतून सेकंदाला सुमारे ८८० ते ९०० मीटर वेगाने निघते. हवा तिला सतत ओढते. वेग आवाजाच्या वेगापर्यंत, सेकंदाला साधारण ३४० मीटरपर्यंत उतरला, की गोळीभोवतीचा हवेचा दाब बदलतो आणि ती डळमळू शकते. लक्ष्याच्या अलीकडे हे घडलं तर नेम कितीही पक्का असो, गुण हातचे जातात. म्हणून ९१४ मीटरपर्यंत आवाजापुढे राहील अशीच गोळी निवडायची. .३०८ हे काम जेमतेम करते. अलीकडची ६.५ मिमी काडतुसं ते सहज करतात, वारा कमी खातात, खांद्याला धक्काही कमी देतात. मात्र नळी लवकर झिजवतात. कायदा क्षणभर बाजूला ठेवला तर नवशिक्याने .३०८ घ्यावी असं माझं मत आहे. तिची नळी हजारो गोळ्या टिकते, आणि चूक कुठे झाली ते ती स्वच्छ दाखवते.

राहिला वारा. ताशी सोळा किलोमीटरचा आडवा वारा हजार यार्डांवर या गोळीला दोन मीटरहून अधिक बाजूला नेतो. गोळी हवेत दीड सेकंदाच्या आसपास असते, आणि तेवढ्यात वारा मध्येच वेगळा, लक्ष्यापाशी वेगळा. जाणते नेमबाज शेजारी ठेवलेल्या वेगळ्या दुर्बिणीतून मृगजळ वाचतात: तापलेल्या जमिनीवरच्या लहरी कोणत्या दिशेला वाहतात, किती आडव्या झोपतात, कधी सरळ वर उकळतात. बुलढाण्याचा राजूर घाट उतरून मोताळ्याकडे आलं की उन्हाळ्यात अशा लहरींची कमतरता नाही. या मुलाला वाऱ्याची शाळा दारातच आहे. बंदूक हातात नसतानाही ती शिकता येते. साधी दुर्बीण घेऊन नळगंगा धरणाच्या परिसरात बसावं, आधी झेंड्याकडे किंवा गवताकडे पाहावं, मग लहरींकडे.

आता कायदा. .३०३ आणि ७.६२ हे लष्कराचे बोर. त्यांचं काडतूस ज्या रायफलीत बसून उडेल ती नागरिकासाठी निषिद्ध. ७.६२ नाटोचं काडतूस .३०८मध्ये बसतं, म्हणून तीही त्याच दारात अडते. निषिद्ध बोरचा परवाना जिल्हाधिकारी देत नाहीत, तो केंद्रीय गृहमंत्रालयाकडे जातो. मागच्या दाराने जायची सोय नाही, आणि नसावीच.

मग दुकानात नागरिकासमोर सहसा येते ती .३१५. तिचाही इतिहास आहे. लष्कराच्या .३०३ची काडतुसं लोकांच्या बंदुकीत चालू नयेत, ही इंग्रज सरकारची काळजी होती. त्यातून जुन्या ऑस्ट्रियन ८ मिमी मानलिखर काडतुसावर बेतलेला .३१५ बोर भारतात रुजला, आणि पुढे आपल्या आयुध निर्माणींनी ती रायफल बनवली. गोळी २४४ ग्रेनची, जड, बोथट, सेकंदाला साडेसहाशे मीटरच्या आसपास वेगाची. डुकरासाठी दणकट, पण हजार यार्डांच्या कितीतरी आधी ती आवाजाच्या मागे पडते. पत्रलेखकाला दुकानदार हीच दाखवेल. घेऊ नये. लांब पल्ल्याच्या नेमबाजीसाठी ती चुकीची बंदूक आहे.

मला याचं वाईट वाटतं, कारण मोताळ्याहून मलकापूर, मुक्ताईनगर ओलांडलं की भुसावळच्या अलीकडे वरणगाव लागतं. तिथे १९६४पासून आयुध निर्माणी आहे, आणि ७.६२ आणि ५.५६ची काडतुसं तिथे बनतात. काडतूस इतक्या जवळ बनतं, पण ते लक्ष्यावर झाडायचा मार्ग मुख्यतः नोकरीतून जातो. सैन्यात नेमबाजांची तालीम महूच्या आर्मी मार्क्समनशिप युनिटमध्ये होते. राज्यवर्धन राठोड, विजय कुमार, जितू राय तिथूनच पुढे आले. बाबासाहेबांचं जन्मगाव असलेलं महू मोताळ्याला पुण्याच्या बालेवाडी क्रीडासंकुलापेक्षा जवळ आहे, बऱ्हाणपूर-खंडव्याच्या रस्त्याने.

दुसरी अडचण जागेची. हजार यार्डांची रेंज म्हणजे जवळजवळ एक किलोमीटर मोकळी जमीन, मागे उंच बंधारा आणि त्यामागे कुणी माणूस नाही अशी खात्री. आपल्या गावांत चांदमारी नावाच्या वस्त्या आहेत, चांदमारी, म्हणजे गोळीबाराच्या सरावाची जागा, मात्र उरलेली नाही. शेतात, नाल्यात, डोंगराच्या आडोशाला सराव करू नये. .३०८ची गोळी काही किलोमीटर जाऊ शकते, आणि परवाना पिकासाठी आहे, खेळासाठी नाही.

म्हणून त्या तरुणाला उत्तर असं: मोठ्या बोरची रायफल सध्या घेऊ नकोस. १० मीटरची .१७७ एअर रायफल घे. या बोरच्या, २० ज्यूलपेक्षा कमी ताकदीच्या एअर रायफलीला परवाना लागत नाही. श्वास, चाप आणि डोळा तिच्यावर घडतो. मग क्लबातून .२२ वर ५० मीटर. भरती झालास तर पलटणीतल्या फायरिंगमध्ये गुण काढ आणि महूची वाट धर, ७.६२ तिथे आपोआप हाती येईल.

आणि तालुका क्रीडा संकुलं उभारणाऱ्यांना विनंती: १० मीटरच्या रेंजला एक बंद खोली, भक्कम मागची भिंत आणि चांगला प्रकाश एवढंच लागतं. मोताळ्यासारख्या तालुक्याला ती द्या.