नाळ कुठे पुरली?

‘कमिशनर’ हा शब्द कानावर पडला की आपल्यापुढे महापालिकेचे किंवा पोलिसांचे आयुक्त उभे राहतात. सरकारने नेमलेला, बदलीवर आलेला आणि बदलीवरच जाणारा अधिकारी. अमेरिकेच्या पश्चिम भागातल्या ग्रामीण मुलखात मात्र कमिशनर लोकांनी निवडून दिलेला असतो आणि तो त्याच मातीतला असावा लागतो. ‘त्याच मातीतला’ म्हणजे नेमके काय, यावरून तिथे मोठा वाद झाला. तो आपल्यासारख्यांनी समजून घेण्याजोगा आहे, म्हणून हा विषय निवडला.

२०१८ च्या ऑक्टोबरात मी मुलीकडे सॉल्ट लेक सिटीला होतो. मॉन्युमेंट व्हॅलीचे उंच लाल सुळके पाहायला आम्ही दक्षिणेकडे निघालो. आम्ही जैन, सूर्यास्तापूर्वी जेवणारे. म्हणून दिवस कलायच्या आत माँटिसेलो नावाच्या छोट्या गावी थांबलो आणि बरोबरचे डबे उघडले. समोरच्या अंगणात कमिशनरपदाच्या उमेदवाराची पाटी रोवलेली होती. कमिशनर निवडणुकीला कसा उभा राहतो, असे मी विचारले. मुलगी म्हणाली, “बाबा, इथे तो आपल्या जिल्हा परिषदेच्या सदस्यासारखा समजा.” समजूत पटली, पण अर्धीच. बाकीची अर्धी परत आल्यावर वाचून पुरी केली.

आम्ही थांबलो ती युटा राज्यातली सॅन वान काउंटी, आणि माँटिसेलो हे तिचे मुख्य ठाणे. काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा. हिचे क्षेत्रफळ सुमारे २०,००० चौरस किलोमीटर. आपल्या बेळगाव जिल्ह्याचे १३,४१५. बेळगावची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत ४७ लाखांवर होती. सॅन वानची २०२० मध्ये साडेचौदा हजारांच्या आसपास. एवढ्या मुलखाचा कारभार तीन कमिशनर पाहतात. अंदाजपत्रक मंजूर करणे, कर ठरवणे, रस्ते राखणे आणि गावठाणांबाहेरच्या जमिनीच्या वापराचे नियम करणे ही त्यांची कामे. ठराव करणारे तेच आणि अमलात आणणारेही तेच. शेरीफ, म्हणजे पोलीसप्रमुख, आणि मतदारयाद्या व निवडणुका सांभाळणारा काउंटी क्लार्क हे मात्र स्वतंत्रपणे निवडून येतात. कमिशनर त्यांना घरी बसवू शकत नाहीत.

पैशाची बाजू आणखी नाजूक. काउंटीचे मोठे उत्पन्न म्हणजे जमीन-घरांवरचा कर. सॅन वानमध्ये खाजगी मालकीची जमीन दहा टक्क्यांहूनही कमी आहे. उरलेली बहुतेक एक तर केंद्र सरकारची किंवा नवाहो या मूलनिवासी लोकांच्या राखीव प्रदेशाची. सरकारी जमिनीवर काउंटीला कर लावता येत नाही. त्याची भरपाई म्हणून १९७६ च्या कायद्याने केंद्राकडून काही रक्कम मिळते. हाती पैसा थोडा, त्यात कोणता कच्चा रस्ता आधी दुरुस्त करायचा? कोणत्या वस्तीवर शाळेची बस पावसातही पोचली पाहिजे? हे तीन माणसे ठरवतात. म्हणून त्या तिघांत आपला माणूस आहे की नाही, याला तिथे फार मोल असते.

या काउंटीत निम्म्याच्या आसपास वस्ती मूलनिवासींची, त्यातही मुख्यतः नवाहोंची. १९२४ साली अमेरिकेने सर्व मूलनिवासींना नागरिकत्व दिले. तरी राखीव प्रदेशात राहणारे हे राज्याचे रहिवासीच नव्हेत, असे म्हणून युटाने त्यांना मतदानापासून दूर ठेवले. तो नियम १९५७ साली रद्द झाला. म्हणजे आपल्याकडे राज्यपुनर्रचना होऊन काही महिने लोटले, तेव्हा कुठे या लोकांच्या हाती मतपत्रिका आली. पुढे १९८३ मध्ये केंद्र सरकारनेच काउंटीवर दावा लावला. तोवर तिन्ही कमिशनर साऱ्या काउंटीच्या एकत्र मतदानाने निवडले जात. त्याऐवजी तीन मतदारसंघ झाले आणि १९८६ मध्ये मार्क मेरीबॉय हे नवाहो गृहस्थ निवडून आले. युटातले ते पहिले मूलनिवासी काउंटी कमिशनर. पण संघांची आखणी अशी होती की नवाहो मते एकाच संघात कोंबली गेली. लोकसंख्या निम्मी, जागा तिनांत एक. २०१२ मध्ये नवाहो राष्ट्राने न्यायालयाचे दार ठोठावले. २०१६ मध्ये ती आखणी घटनाबाह्य ठरली आणि २०१७ च्या अखेरीस न्यायालयाने नवी आखणी लागू केली.

नव्या आखणीवरची पहिली निवडणूक २०१८ ची. तीत विली ग्रेआइज हे वयस्क नवाहो कार्यकर्ते उभे राहिले. उमेदवार त्या काउंटीचा नोंदलेला मतदार आणि रहिवासी असावा लागतो. ग्रेआइज यांचे घर नवाहो माउंटनच्या परिसरात, ॲरिझोना राज्याच्या सीमेला लागून. ही वस्ती युटाच्याच हद्दीत आहे, पण माँटिसेलोहून तिथे जायचे तर रस्ता ॲरिझोनातून जातो. घरांना क्रमांक नाहीत, गल्लीला नाव नाही. टपाल येते ते ॲरिझोनातल्या पोस्टपेटीत. त्यातून ग्रेआइज यांचा ॲरिझोनातल्या पेज या गावीही मुक्काम असे. तेव्हा शंका निघणे अगदीच अनाकलनीय नव्हते. मात्र तेवढ्यावर क्लार्कच्या कार्यालयाने त्यांना अपात्र ठरवून मतपत्रिकेवरून नाव काढले. ते अनेक वर्षे त्याच काउंटीत मतदान करत आले होते. ऑगस्टमध्ये केंद्रीय न्यायालयाने नाव परत घालण्याचा आदेश दिला. त्यांच्या बाबतीत न्याय्य कार्यपद्धती पाळली गेली नाही, असे न्यायालयाचे म्हणणे होते.

नोव्हेंबरात ग्रेआइज जिंकले, मताधिक्य दोनशेच्या आत. मार्क यांचे भाऊ केनेथ मेरीबॉयही निवडून आले. काउंटीच्या इतिहासात प्रथमच मंडळावर नवाहोंचे बहुमत झाले. त्याच वर्षी दुसऱ्या एका दाव्यातल्या समझोत्याने राखीव प्रदेशात मतदान केंद्रे ठेवण्याचे आणि मतदारांना नवाहो भाषेत तोंडी मदत देण्याचे ठरले होते. केंद्राच्या कायद्यात अशा भाषिक मदतीची तरतूद १९७५ पासून आहे. आपल्या भाषेत मतपत्रिका समजावून मिळणे म्हणजे काय, हे सीमाभागातल्या वाचकाला मी वेगळे सांगायला नको.

पराभूत उमेदवाराने पुन्हा रहिवासाचाच मुद्दा घेऊन राज्याच्या न्यायालयात दावा लावला. युटाचा कायदा म्हणतो, माणसाचे मुख्य घर जिथे आहे आणि बाहेर गेल्यावर जिथे परतायचा त्याचा इरादा आहे, ते त्याचे निवासस्थान. आता इरादा मोजायचा कसा? जानेवारी २०१९ मध्ये जिल्हा न्यायाधीशांनी ग्रेआइज हे युटाचेच रहिवासी असल्याचा निर्णय दिला. इतर पुराव्यांबरोबर त्यांनी एक गोष्ट आवर्जून नोंदवली. ग्रेआइज यांची नाळ त्यांच्या वस्तीजवळ पाइउट मेसा या पठारावर पुरलेली होती, आणि नवाहोंच्या समजुतीप्रमाणे माणूस जिथे नाळ पुरली तिथे परत येतोच.

हे वाचले आणि मी पुस्तक मिटून बसलो. “तिथे काय तुझी नाळ पुरली आहे?” हे आपल्या घरोघरी ऐकू येणारे वाक्य. आमच्या पिढीतले पुष्कळ जण घरीच जन्मले. माझी नाळ आजीने परसातल्या लिंबाखाली पुरली होती, असे आई सांगत असे. इतकी वर्षे दवाखान्यात बसून मी नाळेकडे शरीरशास्त्राच्या अंगाने पाहिले. बाळ जन्मले की तिचे काम संपले, असे आमचे शास्त्र सांगते. एका परक्या देशातल्या न्यायालयात ती साक्षीला उभी राहील, हे मात्र कधी मनात आले नव्हते.

यातून भाबडा निष्कर्ष काढू नये. नाळेने निवडणूक जिंकता येत नाही. ती मतांनीच जिंकावी लागते आणि पुढच्या वेळी हरताही येते. २०१९ मध्ये नव्या मंडळाने ‘बेअर्स इअर्स’ या पवित्र मानल्या जाणाऱ्या भूभागाच्या संरक्षणाला पाठिंबा दिला, जुने विरोधी ठराव रद्द केले. २०२२ च्या निवडणुकीने बहुमत पुन्हा पालटले. लोकशाहीत हे चालायचेच. पण उभे राहण्याचा हक्क हा हरण्या-जिंकण्याच्या आधीचा आहे. तो नाकारायला तलवार लागत नाही. यादीतल्या नावापुढे एक खूण केली की पुरते.

बेळगाव असो, इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे वा हैदराबाद, चार-पाच पिढ्या एका गावी काढूनही “तुम्ही मूळचे कुठले?” हा प्रश्न आपल्याला चुकलेला नाही. त्यावर रागावण्यापेक्षा दोन कामे करावीत. मतदारयादीत आपले नाव, पत्ता बरोबर आहे का ते दरवर्षी पाहावे. आणि वॉर्डाच्या, गावाच्या निवडणुकीला क्षुल्लक समजू नये. रस्ता, पाणी आणि शाळा तिथेच ठरतात. आणि कोणी मूळ विचारलेच, तर शांतपणे सांगावे: आमची नाळ इथेच पुरली आहे.