दगडांच्या भाकरी : मोहाचे स्वरूप व त्याचा प्रतिकार

मोह हा शब्द उच्चारला की सर्वसामान्य ख्रिस्ती मनुष्याच्या डोळ्यांसमोर मद्य, जुगार वा व्यभिचार यांचे चित्र उभे राहते. ही पातके आहेत यात शंका नाही. परंतु ती उघड्या तोंडाने येतात, म्हणून ओळखू येतात. शुभवर्तमानात आपल्या प्रभूसमोर जो पहिला मोह आला तो असा नव्हता. चाळीस दिवस उपाशी असलेल्या मनुष्याला दगडांच्या भाकरी करण्याची सूचना झाली (मत्तय ४:१-४). भूक खरी होती आणि भाकर हे तर देवाचेच दान. मग या सूचनेत वाईट ते काय होते? ह्या प्रश्नाचे उत्तर सापडल्यावाचून मोहाचा प्रतिकार कसा करावा हे कळणार नाही. गोमंतकाच्या उत्तरेस पेडणे व डिचोली या तालुक्यांत राहणाऱ्या आपल्या बंधुभगिनींच्या बाबतीत तर हा प्रश्न केवळ ग्रंथातला राहिलेला नाही.

१. परीक्षा आणि मोह

नव्या करारातील 'पेइरास्मोस' या ग्रीक शब्दाचे दोन अर्थ होतात : परीक्षा आणि मोह. मराठीत आपल्याकडे दोन निराळे शब्द आहेत, म्हणून प्रभूच्या प्रार्थनेतील सहाव्या विनंतीचे भाषांतर करताना अडचण पडते. देवच मनुष्याला मोहात घालतो असा अर्थ निघू नये म्हणून फ्रेंच भाषिक कॅथलिकांनी २०१७ साली व इटालियन भाषिकांनी २०२० साली आपल्या उपासनेतील शब्दरचना बदलली. पोप फ्रान्सिस यांनीही जुन्या भाषांतराविषयी असमाधान व्यक्त केले होते. संत याकोबाची शिकवण या बाबतीत स्पष्ट आहे : देव कोणालाही वाईटाकडे ओढीत नाही, मनुष्य आपल्याच वासनेने ओढला जातो (याकोब १:१३-१५).

तथापि प्रसंग पुष्कळदा एकच असतो आणि त्यामागील हेतू दोन असतात. मनुष्य उभा राहावा हा देवाचा हेतू, तो पडावा हा सैतानाचा हेतू. अरण्यात प्रभूला आत्म्याने नेले आणि सैतानाने मोह घातला, असे मत्तय एकाच वाक्यात सांगतो ते याच अर्थाने.

२. सूचना, रुची आणि संमती

सहाव्या शतकात पोप महान संत ग्रेगरी यांनी मोहाच्या तीन पायऱ्या सांगितल्या : सूचना, रुची आणि संमती. सूचना बाहेरून येते. तिच्यात पाप नाही. रुचीत मन तिच्याभोवती घोटाळू लागते. संमती दिली की पाप घडते. प्रभूच्या बाबतीत मोह सूचनेच्या पायरीपुढे गेला नाही. हा भेद न समजल्यामुळे कित्येक सरळ मनाची माणसे मनात आलेल्या विचारालाच पाप समजून खचून जातात, आणि कित्येक निष्काळजी माणसे मधल्या पायरीवर वर्षानुवर्षे वस्ती करतात.

एक उदाहरण घेऊ. कर्ज काढून ट्रक घेतलेला एक मनुष्य खाणीवर माल वाहतो. ठरलेल्या वजनापेक्षा अधिक माल भरला तर हप्ता लवकर फिटेल, असे कोणी त्याला सुचवितो. ही सूचना होय. रात्री तो त्या पैशांत मुलीचे शिक्षण, घराचे छप्पर असे हिशोब मांडू लागतो. ही रुची होय. सकाळी 'सगळेच भरतात' असे म्हणून तो माल भरू देतो. ही संमती होय. मुलीचे शिक्षण वाईट नाही, छप्परही वाईट नाही. सन्मार्गी मनुष्याला वाईट हे वाईटाच्या वेषात क्वचितच भेटते. एदेन बागेतील फळही खावयास चांगले व दिसावयास रम्य होते (उत्पत्ती ३:६).

३. डिचोलीचे दगड

डिचोलीच्या डोंगरांत लोहखनिज आहे. विसाव्या शतकाच्या मध्यापासून ते खणून मांडवीतील बार्जांतून बंदरात व तेथून परदेशी पाठविले जाऊ लागले. पुढे चीनकडून हलक्या प्रतीच्या खनिजालाही मागणी आली, आणि २०१०-११ या वर्षी गोव्यातून सुमारे पाच कोटी टन खनिजाची निर्यात झाली. दगडांच्या भाकरी होत होत्या, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. त्याच काळात खाणींच्या परिसरात विहिरी आटल्या, शेतांत खाणीची माती उतरली आणि रस्त्याकडेची घरे लाल धुळीने भरली.

सप्टेंबर २०१२ मध्ये राज्य सरकारने व ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने खाणकाम थांबविले. २१ एप्रिल २०१४ च्या निकालात न्यायालयाने म्हटले की खाणपट्ट्यांची मुदत २२ नोव्हेंबर २००७ रोजीच संपली होती व त्यानंतरचे उत्खनन बेकायदेशीर होते. नूतनीकरण झालेले ८८ पट्टेही फेब्रुवारी २०१८ मध्ये रद्द झाले. या सर्वांत ज्यांचा दोष सर्वांत थोडा त्यांची भाकर सर्वांत आधी गेली. ट्रक अंगणात उभे राहिले, हप्ते मात्र थांबले नाहीत.

भाकर मागणे हे पाप नव्हते. तथापि भाकर मिळते आहे एवढ्याच कारणाने बाकीचे प्रश्न न विचारणे, ही मोहाला दिलेली संमती होती. आणि ती अनेकांनी थोडी थोडी वाटून घेतल्यामुळे कोणालाच तिचे ओझे वाटले नाही. प्रभूने सैतानाला दिलेले उत्तर अनुवाद ग्रंथातील आहे (८:३) : मनुष्याचे जीवन अन्नापेक्षाही देवाच्या शब्दावर अवलंबून आहे. प्रभूने भाकर तुच्छ लेखली नाही. देवाच्या शब्दाला वगळून मिळणारी भाकर त्याने नाकारली.

४. पेडण्याची जमीन

प्रभूला उंच डोंगरावर नेऊन सर्व राज्ये दाखविण्यात आली. मोपाच्या पठारावरील विमानतळाचे उद्घाटन ११ डिसेंबर २०२२ रोजी झाले व जानेवारी २०२३ पासून तेथे विमाने उतरू लागली. मांद्रे, मोरजी, हरमल येथील किनाऱ्यावर परक्या पैशाची ओढ होतीच. आता आतल्या गावांतही जमिनीचा भाव विचारला जातो. जमीन विकणे हे मुळात पाप नव्हे. आजारपण वा कर्ज यांमुळे ती विकावी लागते. परंतु नाबोथाने वाडवडिलांचा द्राक्षमळा अहाब राजाला दिला नाही (१ राजे २१), कारण ती जमीन केवळ आपली नाही, आपण तिचे राखणदार आहोत, असे तो मानीत होता. ज्या कागदावर सही करायची तो भावाला वा कुळाला अंधारात ठेवून करावा लागत असेल, तर तेथे मोह आहे असे ओळखावे.

५. प्रतिकार

लोयोलाचे संत इग्नेशियस सांगतात की शत्रूला गुप्तता प्रिय असते. मनातील गोष्ट सुज्ञ धर्मगुरूपुढे वा विश्वासू मित्रापुढे उघड झाली की त्याचे बळ ओसरते. म्हणून पहिला उपाय असा की मोहाला त्याच्या नावाने हाक मारावी व ती दुसऱ्याच्या कानी पडू द्यावी. दुसरा उपाय, मन विषण्ण असताना पूर्वीचा निश्चय बदलू नये. हाही इग्नेशियसांचाच नियम होय. ज्या रात्री चिंतेने झोप येत नाही त्या रात्री ना सौदा ठरवावा, ना शब्द द्यावा. तिसरा उपाय, वाद घालीत बसू नये. एवेने सापाशी संवाद केला. प्रभूने शास्त्रवचनाने उत्तर दिले व विषय संपविला. त्यासाठी वचन आधीच अंतःकरणात साठलेले असावे लागते, आणि नित्याची प्रार्थना, उपवास व प्रायश्चित्त संस्कार यांचे प्रयोजन हेच.

परंतु एवढे सांगून आपण थांबलो तर ते अपुरे होईल. ज्याचा हप्ता थकला आहे त्याला 'मोहाला बळी पडू नकोस' असा कोरडा उपदेश करणे म्हणजे उघड्यानागड्या बंधूला 'ऊब घे' म्हणून वाटेस लावणे होय (याकोब २:१५-१६). प्रत्येक मोहाबरोबर देव निभावण्याची वाटही देतो, असे संत पौल करिंथकरांस लिहितो (१ करिंथ १०:१३). ती वाट पुष्कळदा शेजाऱ्याच्या रूपाने येते. पेडणे-डिचोलीत ख्रिस्ती समाज थोडा आहे. विहीर, रस्ता, पाऊस व कर्ज ही त्याची व हिंदू शेजाऱ्यांची सारखीच आहेत, तेव्हा मोहही सारखाच आहे. म्हणून धर्मग्रामाने कोणाच्या घरी चूल अडली आहे हे धर्म न विचारता पाहावे, आणि खाणी वा जमिनी यांविषयी गावाने ग्रामसभेत विचारावयाचे प्रश्न आपल्याही तोंडून विचारले जावेत.

ज्या प्रभूने अरण्यात आपल्या एकट्याच्या भुकेसाठी दगडाची भाकर केली नाही, त्यानेच पुढे पाच हजारांना भाकरी पुरविल्या. तेथे त्याने दगड घेतले नाहीत. कोणीतरी पुढे केलेल्या पाच भाकरी घेतल्या, देवाचे आभार मानले आणि त्या वाटल्या. मोहाला ख्रिस्ती मनुष्याचे उत्तर शेवटी हेच आहे. सर्व बाबतींत आपल्यासारखाच पारखला गेलेला तो महायाजक (इब्री ४:१५) आपल्याला ते देण्याचे बळ देवो.