खेळाडूची नोंदवही आणि वैद्याची जबाबदारी

२०२५ च्या प्रारंभी अहिल्यानगरच्या वाडिया पार्कवर ६७ वी महाराष्ट्र केसरी कुस्ती स्पर्धा पार पडली. अशा हंगामात महाविद्यालयीन खेळाडू ‘ताकदीचे औषध’ मागत आपल्या चिकित्सालयात येतात. औषधापूर्वी त्यांना नोंदवही ठेवावयास सांगावी, असे आम्ही सुचवितो.

सुश्रुताचार्यांनी व्यायाम बलार्धापर्यंतच करावा असे सांगून, तोंडाने श्वास सुरू होणे हे बलार्धाचे लक्षण दिले आहे. क्रीडाविज्ञान श्रमाची मर्यादा आकड्यांत मांडते. पहाटे अंथरुणातच मोजलेली नाडीगती सलग काही दिवस नेहमीपेक्षा अधिक राहिल्यास श्रम भरून निघालेले नाहीत, अशी शंका घ्यावी. सरावापूर्वी व सरावानंतर वजन करावे. ६० किलोच्या खेळाडूचे वजन १.२ किलोने, म्हणजे २ टक्क्यांनी घटले, तर जलांश उणावून कार्यक्षमता खालावू लागते. अशा वेळी बल्य चूर्णाआधी पाणी, मीठ व विश्रांती हवी.

नोंदवहीचा शेवटचा रकाना औषधांचा असावा. अग्नितुंडी वटीतील कुचल्यात स्ट्रिक्नीन असते व शोधनानंतरही त्याचा अंश उरतो. सोमलतेत एफेड्रीन असते. जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या, म्हणजे ‘वाडा’च्या यादीनुसार स्पर्धाकाळात स्ट्रिक्नीन निषिद्ध आहे, एफेड्रीन मूत्रात प्रति मिलिलिटर १० मायक्रोग्रॅमहून अधिक आढळल्यास दोष मानला जातो. ‘वैद्यांनी दिले’ एवढे सांगून खेळाडू सुटत नाही.

म्हणून वैद्याने ‘स्पर्धेत उतरता का?’ हे प्रथम विचारावे आणि औषधविक्रेत्याने घटकद्रव्यांची यादी दाखवूनच औषध द्यावे.